आठपट मोठं केलेलं चित्र

डेमोसीन म्हणजे संगणकावर चित्र, संगीत आणि प्रोग्रॅम यांतून कलाकृती घडवणाऱ्या हौशी लोकांचं जग. त्यांच्या एखाद्या मेळाव्यातल्या स्पर्धेत एखादं चित्र पहिलं येतं आणि दोन दिवसांत त्यावरून वाद पेटतो. या वादाचा क्रम आता पाठ झाला आहे. कुणीतरी ते चित्र आठपट मोठं करून बघतं. कोपऱ्यात कशालाही न जोडलेला, एकटा पडलेला एक पिक्सेल सापडतो. हाताने काढलेल्या चित्रात असा पिक्सेल येईलच कसा, असा सवाल येतो. मग कामाचे टप्पे, म्हणजे चित्र घडतानाच्या अर्धवट अवस्था, मागितले जातात, टप्पे दाखवले जातात, ते खरे की मागाहून रचलेले यावर आणखी चार दिवस जातात. शेवटी चित्रकार निर्दोष ठरतो किंवा दोषी ठरतो आणि सगळे पांगतात. एरवी कुठल्याच चित्राच्या वाट्याला येत नाही इतकी बारीक नजर त्या चित्रावरून फिरलेली असते. पण चित्रात काय आहे, ते तसंच का आहे, ते चांगलं आहे की फसलेलं, यावर एक वाक्यही कुणी बोललेलं नसतं.

माझं म्हणणं असं आहे: चित्र कसं घडलं याची चौकशी ही पात्रतेची चौकशी आहे. ती आटोपली की टीका झाली असं समजणं, ही डेमोसीनमधल्या चित्रचर्चेची सगळ्यात जुनी आणि सगळ्यात नुकसानकारक सवय. दारावर तिकिटं तपासणाऱ्याने नाटकाचं परीक्षण लिहावं, तसा हा प्रकार. या सवयीला कंटाळून काहीजण दुसऱ्या टोकाला जातात. 'कसं केलं ते सोडा, पडद्यावर काय दिसतं तेवढंच बघा' असं ते म्हणतात. तेही मला पटत नाही, कारण या चित्रांत यंत्राची मर्यादा ही चित्राबाहेरची माहिती नसते. ती तैलचित्रातल्या तेलासारखी चित्रातच मुरलेली असते. टीकाकाराने विचारायचा प्रश्न या दोन्हींहून वेगळा आहे: या चित्राने आपल्या मर्यादेचं काय केलं?

हे जग ज्यांना परकं आहे त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी. १९८०च्या दशकात घरगुती संगणकांवरचे गेम फोडून वाटणारे गट आपल्या नावाचा डंका म्हणून गेमच्या आधी एक छोटी हलती पाटी जोडत. पाटी हळूहळू गेमपेक्षा देखणी होऊ लागली, पुढे गेम गळून पडला आणि पाटी उरली. त्यातून 'डेमो' जन्माला आला: कोडर, संगीतकार आणि ग्राफिशियन (चित्रं काढणारा) यांनी मिळून केलेली, यंत्रावर त्या क्षणी घडत जाणारी कलाकृती. १९९१मध्ये डेन्मार्कमध्ये 'द पार्टी', १९९२मध्ये फिनलंडमध्ये 'असेंब्ली' आणि नॉर्वेत 'द गॅदरिंग' हे मोठे मेळावे सुरू झाले. २०११पासून ईस्टरच्या सुट्टीत जर्मनीतल्या झारब्र्युकेनला 'रिव्हिजन' भरतं. अशा मेळाव्यांत नुसत्या चित्रांच्याही स्वतंत्र स्पर्धा, म्हणजे 'कॉम्पो', असतात. अंधाऱ्या हॉलमध्ये मोठ्या पडद्यावर चित्रं एकामागून एक येतात, प्रत्येकाच्या वाट्याला थोडा वेळ येतो, आणि मत समोर बसलेले लोकच देतात.

आता मर्यादा म्हणजे नेमकं काय ते बघू, कारण 'जुन्या यंत्रावर चित्र काढणं अवघड असतं' एवढ्यावर बोलणं थांबलं की टीकाही तिथेच थांबते. १९८२च्या कमोडोर ६४ या घरगुती संगणकात सोळा रंग आहेत आणि ते चिपमध्ये कायमचे कोरलेले आहेत. चित्रकाराला पॅलेट निवडता येत नाही. ग्राफिशियन बहुधा जी पद्धत वापरतात तिच्यात पडदा १६० बाय २०० पिक्सेलचा होतो आणि प्रत्येक पिक्सेल उंचीच्या दुप्पट रुंद असतो. चार बाय आठ पिक्सेलच्या प्रत्येक चौकटीत तीन रंग तिचे स्वतःचे आणि एक सगळ्या चित्राला सामायिक, याहून जास्त बसत नाही. एखाद्या चौकटीत गाल, केस, कानातलं आणि मागचं आकाश एकत्र आलं तर कुणालातरी माघार घ्यावी लागते. शिवाय त्या सोळा रंगांतले तीन करडे आहेत, आणि झगझगीत म्हणावा असा लाल नाहीच. मग चेहऱ्यावरची सावली कशाने द्यायची? इथे यंत्राचा एक स्वभाव मदतीला येतो. या चिपच्या नंतरच्या आवृत्त्यांत बरेच रंग सारख्या उजळतेच्या जोड्यांत येतात: निळा आणि तपकिरी, जांभळा आणि नारिंगी. त्यामुळे सावली गडद न करता तपकिरीतून निळ्यात वळवता येते, उबेतून थंडीत नेता येते. ज्याला हे उमगलं तो चेहरा रंगाच्या नावाने रंगवत नाही, उजळतेच्या पायरीने रंगवतो. म्हणून कमोडोरवरच्या उत्तम चेहऱ्यांत जांभळा, करडा, हिरवासुद्धा असतो आणि तरी ती माणसाची कातडी वाटते.

हे मी एवढं सविस्तर सांगितलं, कारण टीकेची भाषा याच तपशिलातून तयार होते. 'सोळा रंगांत केवढं काम!' हे कौतुक आहे, निरीक्षण नाही. 'गालावरची सावली निळ्यात वळल्यामुळे चेहरा खिडकीच्या उजेडात आहे असं वाटतं, पण हनुवटीखाली चौकटीतले रंग संपले आणि तिथे मान चेहऱ्यापासून तुटली' हे निरीक्षण आहे. ते चित्रकाराला उपयोगी पडतं, बघणाऱ्याला शिकवतं आणि चुकीचं असेल तर खोडताही येतं. कौतुक खोडता येत नाही, म्हणून त्यातून कुणी काही शिकतही नाही.

प्रत्येक यंत्राला एक उतार असतो. काही गोष्टी त्याच्यावर आपोआप घरंगळत येतात, काहींसाठी चढावं लागतं. १९८२च्याच झेडएक्स स्पेक्ट्रम या संगणकावर आठ बाय आठच्या चौकटीत दोनच रंग बसतात. त्यामुळे तिथे सरळ उभ्या-आडव्या कडा, इमारती, फरशा स्वस्त पडतात आणि तिरका जाणारा रंगीत हात महाग. अमिगा या संगणकावर ४०९६ छटांतून ३२ निवडता येतात, म्हणजे निवड हाच तिथला कस. बत्तीस जागा कशाकशाला दिल्या यावरून चित्रकाराचं मन कळतं. कमोडोरवर प्रत्येक ओळीला रंग बदलण्याची 'एफएलआय' नावाची युक्ती वापरली की रंगांची चंगळ होते, पण त्या युक्तीचा दोष म्हणून चित्राच्या डाव्या कडेला तीन अक्षरांच्या रुंदीची पट्टी निकामी होते. कुणी ती झाकतो, कुणी काळी सोडून देतो. आणि एखादा अख्खी रचनाच अशी बांधतो की डावीकडे अंधार असणं ही चित्राचीच गरज वाटावी. या तिघांच्या कामात फरक आहे. तो फरक सांगता येत नसेल, तर आपण चित्राबद्दल बोलतच नाही आहोत.

आता समोरच्या बाजूचा सगळ्यात बळकट मुद्दा घेतो. टप्पे मागणारे म्हणतात, आधी प्रक्रिया कळल्याशिवाय हा फरक सांगणार कसा? एखादं छायाचित्र रूपांतर करणाऱ्या प्रोग्रॅममधून काढलं तरी सोळा रंगांचं चित्र मिळतं. तिथे सावली निळ्यात वळली असेल तर ती कुणी वळवली? आकडेमोडीने. मग निर्णयाचं श्रेय कुणाला द्यायचं? मुद्दा खरा आहे आणि त्याला इतिहासाचा आधार आहे. १९९०च्या दशकात अमिगा आणि पीसीवरच्या स्पर्धांत पहिली आलेली किती तरी चित्रं पुस्तकांच्या मुखपृष्ठांवरच्या कल्पनारम्य चित्रांवरून उतरवलेली होती. बोरिस व्हलेहोसारख्या चित्रकारांचे योद्धे, ड्रॅगन आणि अप्सरा पिक्सेल-पिक्सेलने पुन्हा रंगवल्या गेल्या आणि मूळ चित्रकाराचं नाव कुठेच नसे. पुढे स्कॅनर घरोघरी आले आणि प्रश्न आणखी चिघळला. आता नकलेला हातही लागत नव्हता. पुढे मूळ आणि नक्कल शेजारी-शेजारी मांडून दाखवली गेली तेव्हा बऱ्याच जणांचा विश्वास उडाला. त्या फसवणुकीची आठवण असलेल्या माणसाने आज टप्पे मागितले, तर त्याला मी संशयी म्हणणार नाही. त्याचं बरोबर आहे.

पण त्या काळाकडे पुन्हा बघितलं तर एक गोष्ट खटकते. ती चित्रं वर्षानुवर्षं जिंकत राहिली, ती का? चोरी लपली म्हणून, हे अर्धंच उत्तर झालं. उरलेलं अर्धं असं की डिथरिंग (दोन रंगांचे ठिपके मिसळून मधली छटा दाखवणं) किती मऊ आहे, कडा किती गुळगुळीत आहेत, चमक किती खरी आहे, यापलीकडे कुणी काही विचारतच नव्हतं. या योद्ध्याला इथे का उभं केलंय? हा ड्रॅगन या चित्रकाराला का सुचला? हे प्रश्न विचारायची रीत असती, तर मूळ चित्र माहीत नसतानाही त्यातला पोकळपणा जाणवला असता, कारण उसन्या रचनेला उत्तरं देता येत नाहीत. फसवणूक फोफावली ती टीका नव्हती म्हणून. आणि आपण त्यावर उपाय काढला तो पहारा वाढवण्याचा.

उतरवणं आणि चोरणं यांतला फरक कलेच्या इतिहासाने पाचशे वर्षांपूर्वी पाहिला आहे. मार्कांतोनियो राइमोंदी या इटालियन कोरक्याने जर्मन चित्रकार अल्ब्रेख्त ड्यूररची लाकडी ठशांची चित्रं तांब्यावर कोरली आणि त्यांवर ड्यूररची सहीची खूणही तशीच ठेवली. चित्रकारांची चरित्रं लिहिणाऱ्या वसारीने लिहून ठेवलं आहे की ड्यूररने व्हेनिसला जाऊन तक्रार केली, आणि हाती एवढंच लागलं की राइमोंदीने ती खूण वापरू नये. याच राइमोंदीने पुढे राफाएलच्या रेखाटनांवरून कोरीव चित्रं केली. त्यांतल्या 'पॅरिसचा निवाडा' या चित्राच्या एका कोपऱ्यातली बसलेली माणसं उचलून फ्रेंच चित्रकार माने याने १८६३मध्ये आपलं गाजलेलं वनभोजनाचं चित्र बांधलं. माणूस तोच, हात तोच, तांबं तेच. एका ठिकाणी लबाडी, दुसऱ्या ठिकाणी कलेच्या इतिहासातला एक दुवा. फरक कशात आहे? नाव सांगण्यात आहे, हे खरंच. पण तेवढ्यातच नाही. राफाएलच्या हलक्या रेषेला तांब्यावर वजन कसं द्यायचं, छाया कुठल्या दिशेच्या रेघांनी भरायची, हे राइमोंदीला नव्याने ठरवावं लागलं, आणि त्या ठरवण्याबद्दल आजही बोललं जातं. म्हणजे 'उतरवलं आहे' हे कळल्यावरही टीका संपत नाही. उलट तिथून तिला काम मिळतं. डेमोसीनमध्ये मात्र 'उतरवलं आहे' हे शेवटचं वाक्य ठरतं. दोषी ठरलेल्या चित्राबद्दल कुणी पुढे बोलत नाही, आणि निर्दोष ठरलेल्याबद्दल बोलायची कुणाला गरज वाटत नाही.

प्रक्रियेचा निकष एकट्याने वापरला की तो कसा चुकतो याचं उदाहरण डेमोसीनच्याच घरात आहे. १९९२च्या 'द पार्टी'त नॉर्वेच्या स्पेसबॉल्स गटाचा 'स्टेट ऑफ द आर्ट' हा अमिगावरचा डेमो पहिला आला. नाचणाऱ्या मुलीचं चित्रण करून त्यातल्या आकृत्या रेषांत उतरवल्या होत्या आणि सपाट रंगांत, संगीताच्या ठेक्यावर त्या पडद्यावर नाचत होत्या. कट्टर कोडर मंडळींचा आक्षेप असा की यात यंत्र त्या क्षणी काही मोजत नाही, आधीच भरून ठेवलेली माहिती दाखवतं. हा डेमो नव्हे, हे ॲनिमेशन. तांत्रिकदृष्ट्या त्यांच्या म्हणण्यात तथ्य होतं. पण तोवरचे डेमो फिरणारे ठोकळे आणि सरकणारी अक्षरं दाखवत होते, आणि या एका कामाने पडद्यावर शरीर आणलं, वजन आणलं, ठेका आणला. आज डेमोसीनचा इतिहास सांगताना हे नाव वगळता येत नाही. आक्षेप घेणारे चुकीचं काही बोलत नव्हते. त्यांनी प्रश्नच भलता विचारला होता.

आता दुसऱ्या टोकाकडे. 'कसं केलं ते सोडा, दिसतं काय ते बघा' ही भूमिका उदार वाटते. बाहेरून आलेल्या कला-समीक्षकाला ती सोयीची पडते, कारण तिच्यासाठी काही शिकावं लागत नाही. पण 'दिसतं काय' हे तरी आपण कुठे ठरवलं आहे? कमोडोरचं चित्र युरोपातल्या जुन्या पाल पद्धतीच्या काचेच्या टीव्हीवर बघितलं तर शेजारच्या ओळींतले सारख्या उजळतेचे दोन रंग एकमेकांत मिसळतात आणि सोळांच्या यादीत नसलेला तिसराच रंग डोळ्यांना दिसतो. चित्रकाराने तो तिसरा रंग धरूनच चित्र काढलेलं असतं. तेच चित्र आजच्या सपाट पडद्यावर कडक पिक्सेलांत दाखवलं की तिथे पट्टे दिसतात. २०१५च्या रिव्हिजनमध्ये ओल्डस्कूल, म्हणजे जुन्या यंत्रांवरच्या, डेमोंत पहिला आलेला '८०८८ एमपीएच' हा १९८१च्या आयबीएम पीसीवर चालतो. त्यातल्या सीजीए या रंगीत चित्र दाखवणाऱ्या कार्डावर ३२० बाय २००च्या चित्रात एरवी चार रंग मिळतात. त्या डेमोने कंपोझिट, म्हणजे सगळा चित्रसंकेत एकाच तारेतून नेणाऱ्या, जोडणीतल्या संकेताच्या विकृतीचा उपयोग करून १०२४ रंग दाखवले. दुसऱ्या प्रकारचा मॉनिटर जोडला की ते रंग नाहीसे होतात. मग 'फक्त दिसतं ते बघा' म्हणणाऱ्याने नेमकं काय बघायचं? यंत्र, तार आणि काच समजून घेतल्याशिवाय इथे 'दिसणं' सुरूच होत नाही. जाता जाता हेही सांगतो की १०२४ हा आकडा थक्क करणारा असला तरी आकडा म्हणजे चित्र नव्हे. तो कळल्यावर त्या रंगांनी काय दाखवलं हे विचारायचं बाकीच राहतं, आणि ते फार कमी जणांनी विचारलं.

मर्यादेत बांधलेली कला आणि तिच्यावरचा हा दुतोंडी प्रतिसाद मराठी वाचकाला नवा वाटू नये. मोरोपंतांनी एकशे आठ रामायणं रचली असं सांगतात. त्यांत एक 'निरोष्ठ रामायण' आहे, ज्यात ओठ टेकून उच्चारायचे वर्ण वर्ज्य आहेत. या रचनेबद्दल आपण दोनच गोष्टी ऐकत आलो: एक, केवढं हे भाषाप्रभुत्व, दोन, ही नुसती शब्दांची कसरत. दोन्ही वाक्यं त्या कवितेची एक ओळही न वाचता म्हणता येतात. खरा प्रश्न त्यांच्या मधोमध आहे. ओष्ठ्य वर्ण वर्ज्य म्हणजे 'म' वर्ज्य, आणि 'म' वर्ज्य म्हणजे रामायण सांगायचं पण 'राम' हे नाव घ्यायचं नाही! ज्या नावासाठी सगळा खटाटोप तेच मुखावाटे काढता येत नाही, तेव्हा कवी त्या रिकाम्या जागेचं काय करतो? ती अडचण म्हणून चुकवतो, की तिच्यातून काही उभं करतो? इथून कवितेचं वाचन सुरू होतं.

संस्कृतात दंडीने हीच अट 'दशकुमारचरिता'च्या सातव्या उच्छ्वासात घातली, आणि तिला कथेतच कारण दिलं. निवेदक मंत्रगुप्ताचा ओठ प्रणयात चावला गेला आहे, दुखतो आहे, म्हणून तो ओठ न टेकवता बोलतो. एका वाक्यात अट हा पराक्रम राहिला नाही, ती त्या माणसाची अवस्था झाली. काव्यशास्त्रकार आनंदवर्धनाने नवव्या शतकात चित्रकाव्याला, म्हणजे शब्दांच्या करामतीवर उभ्या रचनेला, खरं काव्य मानलं नाही, काव्याची नक्कल म्हटलं, आणि त्याचा रोख समजण्यासारखा आहे: अर्थाशी काही देणंघेणं नसलेली अट ही कसरतच. पण दंडीचं उदाहरण समोर ठेवलं की कळतं, दोष अटीचा नसतो. डाव्या कडेची निकामी पट्टी काळी सोडणारा आणि त्या पट्टीला अंधारी खोली बनवणारा यांच्यातलं अंतर हे नेमकं कसरत आणि काव्य यांच्यातलं अंतर आहे.

हा निकष सगळ्यात जास्त उपयोगी पडतो तो चार किलोबाइटच्या चित्रांच्या स्पर्धेत. तिथे चित्राची फाइल नसते. ४०९६ बाइटांत मावणारा प्रोग्रॅम चालवला की तो चित्र मोजून काढतो. याच आकाराच्या हलत्या इंट्रोंमध्ये, म्हणजे छोट्या डेमोंमध्ये, २००९च्या ब्रेकपॉइंट मेळाव्यात आरजीबीए आणि टीबीसी या गटांचा 'एलिव्हेटेड' पहिला आला. चार किलोबाइटांत बर्फाळ पर्वतरांगा, पाणी, उजेड आणि संगीत. तो बघताना आजही अंगावर काटा येतो. पण त्याच्यानंतर या प्रकारात पर्वत किती आले! पर्वत, धुकं, अनंत खांब, गोलात गोल, चमकणारी बेटं. याचं कारण उतारात आहे. गणिती गोंगाटातून, म्हणजे सूत्राने काढलेल्या अनियमित चढउतारांतून, डोंगर काढणं बाइटांच्या हिशेबात स्वस्त पडतं. पुनरावृत्ती स्वस्त, सममिती स्वस्त, अनंत तर जवळजवळ फुकट. महाग काय? एकच एक गोष्ट. कललेली खुर्ची, अर्धवट उघडा दरवाजा, ओळखू येणारा चेहरा, म्हणजे ज्याच्यासारखं दुसरं नाही असं काहीही. मतदार अजूनही अनंताला भरभरून मतं देतात, कारण ते भव्य दिसतं. ज्याने आपले मोजके बाइट एका वाकड्या खुर्चीवर खर्च केले त्याचं चित्र शेजारी फिकं वाटतं. त्याच्या खुर्चीने यंत्राला किती चढ चढायला लावला हे सांगायचं काम कुणाचं? माझ्या मते टीकाकाराचं. आणि त्यानेच हेही सांगायचं की एवढं चढूनही खुर्ची निर्जीव राहिली असेल तर ती निर्जीवच आहे. कष्टाचे गुण वेगळे मिळत नाहीत.

'मतदान हीच टीका' असंही म्हटलं जातं. शेकडो जाणकार एका हॉलमध्ये बसून मत देतात, त्याहून लोकशाही परीक्षण कुठलं? या पद्धतीबद्दल मला आदर आहे. कलेची बाजारपेठ, दलाल, संग्राहक यांच्यापासून डेमोसीन इतकी वर्षं दूर राहिलं त्यात या पद्धतीचा वाटा मोठा आहे. पण मत म्हणजे कारण नव्हे. थोड्या वेळात, मोठ्या पडद्यावर, मित्रांच्या आरोळ्यांत चटकन पकडणारं चित्र वर येतं आणि हळूहळू उलगडणारं खाली राहतं. ओळखीच्या नावाला मत जातं ही तक्रार तर डेमोसीनमधले लोकच करत आले आहेत. चौथा क्रमांक मिळालेल्या चित्रकाराला तिसऱ्याने आपल्याला कशात मागे टाकलं हे कुठूनच कळत नाही.

राहिला सौजन्याचा मुद्दा. हे लोक हौशी आहेत, नोकरी सांभाळून रात्री जागून चित्र काढतात, बक्षिसं किरकोळ असतात. त्यांना झोडपून काय मिळवायचं? आणि त्याचंच दुसरं रूप: आधी स्वतः एक चित्र काढून दाखव, मग बोल. नवशिक्याच्या पहिल्या चित्रावर तुटून पडणारा माणूस मलाही आवडत नाही. पण टीका म्हणजे झोडपणं हे समीकरण मला मान्य नाही. फिनलंडने २०२०मध्ये, जर्मनी आणि पोलंडने २०२१मध्ये डेमोसीनला आपल्या जिवंत सांस्कृतिक वारशाच्या राष्ट्रीय यादीत घेतलं, आणि त्यासाठी डेमोसीनच्याच लोकांनी धडपड केली. ही कला आहे, तिची परंपरा आहे, असं त्यांनी जगाला पटवून दिलं, ते योग्यच केलं. मग त्याच कामाबद्दल कुणी गंभीरपणे बोलू लागला की 'अहो, ही तर आमची हौस' असं म्हणता येणार नाही. दुसऱ्या आक्षेपाबद्दल म्हणाल तर गाता न येणाऱ्या श्रोत्यांनी मैफली घडवल्या आहेत. त्यांचा कान तयार होता एवढंच पुरे होतं. इथे डोळा तयार हवा, आणि तो चौकटीतले रंग मोजायला बसलं की तयार होतो.

चित्रं आपोआप तयार करून देणाऱ्या प्रणाली आल्यावर ही सगळी चर्चा पुन्हा पहाऱ्याकडे वळली आहे, आणि मला भीती याचीच वाटते. नियम हवेत, जे वापरलं ते सांगायची सक्ती हवी, खोटं बोलणाऱ्याला बाहेर काढायलाच हवं. पण हा पहारा आपण तिसऱ्यांदा बसवतो आहोत. नकलांच्या वेळी बसवला, स्कॅनरच्या वेळी बसवला. दोन्ही वेळा चोर कमी झाले आणि चित्रांबद्दलचं बोलणं होतं तिथेच राहिलं.

म्हणून माझी मागणी टप्प्यांबद्दलच आहे. ते मागवूया, पण पुरावा म्हणून वाचून बाजूला न ठेवता खर्डा म्हणून वाचूया. समजा एका चित्रात चौथ्या टप्प्यापर्यंत मुलीच्या हातात कंदील आहे आणि सातव्यात तो नाही. आजचा परीक्षक एवढंच टिपतो की बदल सलग आहेत, म्हणजे काम हाताचं आहे; पुढचं चित्र. पण कंदील का गेला? त्याचा पिवळा रंग बोटांच्या चौकटीत मावेना म्हणून? मग तो काढल्यावर चेहऱ्यावरचा पिवळा उजेड चित्रकाराने तसाच का ठेवला? आता तो उजेड कुठून येतो आहे?